फोटोतल्या रायफलीची खिडकी कुणालाच दिसली नाही?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

निपाणी भागातल्या माजी सैनिकाच्या घरची बातमी परवा वाचली. काल दिवसभर डोक्यातून गेली नाही, म्हणून आज लिहायला बसलो आहे. "घरात शस्त्रसाठा" असं चार कॉलमी शीर्षक आणि खाली रंगीत फोटो. टेबलावर मांडलेल्या वस्तूंमध्ये डावीकडून दुसरी जी रायफल आहे, तिच्या चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसून झडतं त्या, जागी बोटभर लांबीची खिडकी कापलेली आहे आणि त्या खिडकीच्या कडा तांबड्या रंगवल्या आहेत. मॅगझीनची, म्हणजे काडतुसं भरायच्या पेटीची, एक बाजू तर पूर्ण उघडी आहे. शेजारी ३६ नंबरचा ग्रेनेड आहे, तो पेरू चिरावा तसा उभा चिरलेला. हे सगळं तुमच्याच फोटोत आहे. बातमी लिहिणाऱ्यानं फोटो पाहिला असणार, शीर्षक देणाऱ्यानं पाहिला असणार, पान लावणाऱ्यानंही पाहिला असणार. गोळी झाडायच्या हत्याराला ही भोकं कशासाठी, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडू नये?

आयटीआयमधल्या कोणत्याही पोराला विचारा, तो सांगेल की हे कट सेक्शन आहे. इंजिन कसं चालतं हे दाखवायला जसं अर्धं कापलेलं इंजिन वर्गात ठेवतात, तशीच ही शिकवायची रायफल. खरी रायफल घ्यायची, तिचं चेंबर, बॉडी, मॅगझीन मिलिंगवर कापून आत बघायला वाट करायची, काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या फायरिंग पिनचं टोक घासून टाकायचं आणि कापलेल्या कडा रंगवायच्या, म्हणजे रंगरुटाला कापलेलं काय आणि मूळचं काय ते कळतं. इंग्रजांच्या वेळी अशा रायफलीवर एस.के.एन. अशी अक्षरं ठोकत, स्केलेटन या शब्दावरून. एनसीसीत कवायतीला देतात ती डीपी रायफल वेगळी. तीही झडत नाही, पण तिच्या आतलं काही दिसत नाही.

थ्री नॉट थ्री रायफलीचा राउंड, म्हणजे काडतूस, झडतो तेव्हा चेंबरमध्ये दर चौरस इंचाला १८-१९ टनांचा दाब तयार होतो. तो सोसायला चारी बाजूंनी अखंड पोलाद लागतं. जिथं पोलादच कापून काढलं आहे, तिथं काय झडणार?

माझे वडील मराठा रेजिमेंटमध्ये हवालदार होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी इथं बेळगावातच, प्रशिक्षण सेंटरवर उस्ताद म्हणून काढली. खानापूर, चंदगड, साताऱ्याकडची पोरं यायची. काही तिसरी-चौथीपर्यंत शिकलेली, काहींना अक्षरओळखही नाही. फळ्यावर आकृती काढून त्यांना काय कळणार? वडील सांगायचे, "उगी घोकायचं न्हाई, आत बघायचं." थ्री नॉट थ्रीच्या राउंडला बुडाशी काठ असतो. मॅगझीनमध्ये भरताना वरच्या राउंडचा काठ खालच्याच्या काठाच्या पुढं बसला पाहिजे. मागं राहिला, तर राउंड चेंबरमध्ये ढकलणारा बोल्ट पुढं सरकवताना दोन्ही काठ एकमेकांत अडकतात आणि रायफल ऐन वेळी जाम होते. पाच-पाच राउंड धरून ठेवणारे दोन चार्जर दाबून दहा भरायचे, ते घाईत आणि कधी अंधारात. हे तोंडानं शंभरदा सांगितलं तरी ध्यानात राहत नाही. कापलेल्या मॅगझीनमधून एकदा अडकलेलं पाहिलं की पोरगं आयुष्यात विसरत नाही. बोल्ट पुढं जाताना कॉकिंग पीस (बोल्टचं मागचं टोक) सिअरवर (ट्रिगरशी जोडलेल्या अडणीवर) कसा अडतो आणि शेवटच्या इंचाला हाताला स्प्रिंगचा जोर का लागतो, तेही असंच डोळ्यांनी कळतं.

पुढं १९६२ नंतर एसएलआर, म्हणजे आपोआप भरणारी सेल्फ लोडिंग रायफल, आली, तेव्हा उस्तादांनाच नव्यानं शिकावं लागलं. तीत हातानं बोल्ट ओढायचा नाही. बॅरलला वरच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यातून गॅस येतो, तो पिस्टनला धक्का देतो आणि चेंबरचं तोंड बंद करणाऱ्या ब्रीच ब्लॉकचं मागचं बूड वर उचललं जाऊन तो सुटतो. निवृत्तीनंतर वडिलांनी शहापुरातल्या एका सुताराला हाताशी धरून ही सगळी रचना सागवानात मूळ आकाराच्या तिप्पट करून घेतली. पिस्टन लाकडाचा, स्प्रिंग सायकलच्या दुकानातून आणलेली. भरतीला जाणाऱ्या गावातल्या पोरांना पडवीत बसवून ते त्यावर शिकवायचे. ते मॉडेल आजही माझ्या घरी आहे. पिस्टन ढकलला की ब्लॉक अजून अर्धवट का होईना उचलला जातो. माझ्या संग्रहाची सुरुवात तिथून झाली.

लोखंडी कटवाली थ्री नॉट थ्री मला १९९४ मध्ये कोल्हापुरात मिळाली, एका जुन्या वाड्याच्या सामानात. बटावर, म्हणजे मागच्या लाकडी दस्त्यावर, एस.के.एन. ही अक्षरं होती. बटाच्या आतल्या पोकळीत पुलथ्रू, म्हणजे नळी पुसायची दोरी, आणि पितळी तेलाची बाटली जागच्या जागी होती. सोबत दोन डमी, न झडणारे राउंड होते. घरी आणली त्या संध्याकाळी वडिलांनी ती मांडीवर घेतली, मॅगझीनच्या खिडकीतून बोट आत घालून राउंड ज्यावर बसतात तो प्लॅटफॉर्म दाबून पाहिला आणि म्हणाले, "स्प्रिंग अजून ताठ हाय." त्यानंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पाच वर्षांनी ते गेले.

आता माझ्या वाट्याला जे आलं ते सांगतो. निपाणीच्या त्या गृहस्थांचं पुढं काय होणार, हे त्यावरून कळेल.

२०१३ च्या विधानसभा निवडणुकीआधी आचारसंहितेत पोलीस परवान्याची हत्यारं जमा करून घेत होते. माझ्याकडे परवाना नाही, कारण परवाना लागावा असं हत्यारच नाही. तरी कुणीतरी कळवलं आणि घरी माणसं आली. मी सगळं दाखवलं. चेंबरच्या खिडकीतून पेन्सिल आरपार घालून दाखवली. १९५९ च्या शस्त्र कायद्याची छापील प्रत पुढं केली. शस्त्र म्हणजे काय ते सांगतानाच त्यात म्हटलं आहे की जे खेळण्यापलीकडे वापरता येत नाही आणि ज्याचं चालू हत्यारात रूपांतर करता येत नाही, ते शस्त्रात धरायचं नाही. कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा मोडकळीला आलेली, दुरुस्ती करूनही झडू न शकणारी हत्यारं कायद्याच्या बाहेर ठेवली आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, आणि रायफल घेऊन गेले. तपासणी करू नये असं माझं म्हणणं तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. पण जिल्हा सशस्त्र राखीव दलात हत्यारं तपासणारा, दुरुस्त करणारा आर्मरर असतो, त्याला पाच मिनिटं बोलावलं असतं तर त्यानं तिथल्या तिथं सांगितलं असतं.

मे महिन्यात निवडणूक झाली. रायफल परत मिळाली दिवाळी झाल्यावर. पोत्यातून बाहेर काढली आणि मला ती ओळखू आली नाही. चेंबरवरची आणि बॉडीवरची खिडकी पत्र्याची ठिगळं मारून वेल्डिंगनं बंद केली होती. मॅगझीनवरही पत्रा ठोकला होता. का, म्हणून विचारलं. उत्तर मिळालं, "उघडी होती, कुणी दुरुपयोग केला असता." मी चाळीस वर्षं उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम केलेला माणूस, पण त्या क्षणी तोंडातून शब्द फुटला नाही. जी खिडकी पाहून शेंबड्या पोरालाही कळावं की ही झडणार नाही, तीच बुजवून टाकली होती. आता ती दुरून हुबेहूब चालू रायफल दिसत होती. वेल्डिंगचे थेंब उडून बोल्टच्या खोबणीत चिकटले होते, बोल्ट जागचा हलत नव्हता. उष्णतेनं रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या स्प्रिंगचं पाणी उतरलं होतं. बटातली तेलाची बाटली नाही, डमी राउंड नाहीत.

ठिगळं काढून खिडक्या पुन्हा मिलिंगवर उघडायला मला दोन पावसाळे लागले. उद्यमबागेतल्या एका मित्रानं पैसे घेतले नाहीत. तांबडा रंग मी स्वतः दिला. पण जुन्या कापाच्या कडा हातानं कानस मारून गुळगुळीत केलेल्या होत्या, कुणा आर्मररनं जीव लावून केलेलं काम होतं ते. ते गेलं ते गेलंच.

आणि याच संदर्भात आणखी एक. रायफल नेताना जो पंचनामा केला, तो संपूर्ण कन्नडमध्ये. मी बोलायपुरतं कन्नड जाणतो, सरकारी हस्ताक्षरातलं वाचू शकत नाही. "सही करा, काही नाही त्यात" म्हणाले, मी केली. नंतर शेजाऱ्याकडून वाचून घेतलं तेव्हा कळलं, त्यात "रायफल १, राउंड २" एवढंच लिहिलं आहे. कापलेली आहे, झडू शकत नाही, राउंड डमी आहेत, यातलं एक अक्षर नाही. तेलाच्या बाटलीचा उल्लेख नाही, म्हणून ती गेल्याची तक्रारही घेतली नाही. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं त्यांच्या भाषेत महत्त्वाच्या सरकारी सूचना आणि नियम मिळावेत, हे १९५६ पासून केंद्र सरकार सांगत आलं आहे. आपल्या भागात मराठी माणूस किती टक्के आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. यावर तुम्ही पूर्वी अग्रलेख लिहिले आहेत, ते मी कापून ठेवले आहेत. म्हणूनच तुमच्याच पानावर "साठा" हा शब्द पाहून जास्त लागलं. पंचनाम्यात जे झालं तेच बातमीत झालं. कापलेली आहे हा एक शब्द गाळला की म्हातारा माजी सैनिक गुन्हेगार होतो.

अशा वस्तू जमवणारे आपल्या भागात फार नाहीत. मला माहीत असलेले चार-पाच. सगळे फौजेतून आलेले किंवा माझ्यासारखे फौजीची पोरं. कुणाकडे लाकडी मॉडेलं आहेत, कुणाकडे कापडावर छापलेले जुने तक्ते, कुणाकडे अर्धा कापलेला ग्रेनेड. पैशाच्या दृष्टीनं त्यांना किंमत नाही, भंगारवाला किलोवर नेतो. परवाच्या बातमीनंतर त्यातल्या एकानं मला फोन केला. बायको म्हणते, हे घराबाहेर काढा, उद्या आपला फोटो यायचा. त्याच्याकडे एसएलआरच्या गॅस प्लगचं आणि पिस्टनचं कापलेलं पितळी मॉडेल आहे, तसं मी दुसरं पाहिलेलं नाही. मी त्याला आठ दिवस थांब म्हटलं आहे. तो थांबेल की नाही, मला खात्री नाही.

मागणी एवढीच. तोच फोटो पुन्हा छापा, या वेळी मोठा आणि नीट उजेडातला. कापलेल्या जागांवर बाण दाखवा, आणि शेजारी दुरुस्ती छापा, तीही पहिल्या पानावर. मजकूर लिहायला मदत हवी असेल तर मी वडिलांचं लाकडी मॉडेल घेऊन कार्यालयात येतो, रविवार सोडून कोणत्याही दिवशी. रिक्षात मावतं ते. तुमच्या वार्ताहरानं अर्धा तास त्याच्यासमोर बसावं, पिस्टन स्वतःच्या हातानं ढकलून पाहावा.

आपला,
गेल्या ४२ वर्षांचा वाचक,
अनगोळ, बेळगाव
(नाव व पत्ता सोबत कळवला आहे, कृपया छापू नये. कारण वर लिहिलंच आहे.)

ता.क. ते दोन डमी राउंड पितळी आहेत, बाजूला लांब खाचा, खाचांत तांबडा रंग, पुढं गोळीच्या जागी लाकूड. एकाच्या लाकडाला टोकाशी तडा गेलेला आहे. कुणाला भंगारात, जुन्या बाजारात किंवा कुणाच्या कपाटात दिसले तर तुमच्या कार्यालयात ठेवावेत. मी येऊन घेऊन जाईन, काही विचारणार नाही.