न दिलेला जबाब

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

जहाजांच्या अपघातांच्या तपासासाठीचा तुमच्या समितीचा कायद्याचा मसुदा दोनदा वाचला. दोन्ही वेळा दुसऱ्याच कलमाशी अडलो. 'अपघाताची कारणे शोधणे व जबाबदार व्यक्तींवर कारवाईची शिफारस करणे.' हे एका दमात लिहिणारा माणूस कधी चौकशीच्या टेबलासमोर बसलेला नसावा, असं लिहिणार होतो. पण तू तर बसला आहेस. माझ्याच शेजारच्या खुर्चीवर.

आठवतंय ना? रात्री बारा ते चार जहाज सांभाळायची पाळी, म्हणजे वॉच, माझा होता, जहाज वाळूवर चढलं, माणूस एकही दगावला नाही म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं. बंदरात दोन दिवस आपण कोणीच धड झोपलो नव्हतो. चौकशी अधिकाऱ्याच्या हातात मात्र रेस्ट अवरचा तक्ता कसा स्वच्छ! चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्यात ७७, एकही चौकोन चुकलेला नाही. तो तक्ता आदल्या रात्री तुझ्याकडून भरून घेतला होता. आणि मी सांगितलं की लुकआउटवरच्या, म्हणजे समुद्रावर नजर ठेवणाऱ्या, खलाशाने बोयाचा (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचा) दिवा कळवला नाही. कळवणार कसा? तपासणी येणार म्हणून मीच त्याला खाली पॅसेज पुसायला पाठवला होता. पण माझं सर्टिफिकेट, म्हणजे जहाजावर अधिकारी म्हणून काम करायचा परवाना, समोरच्या माणसाच्या हातात होतं. तोच प्रश्न विचारणार आणि तोच शिक्षा सुचवणार. खलाशी घरी गेला, फाईल बंद झाली, आणि पुढच्याच फेरीत आपण तसेच न झोपता निघालो.

म्हणून त्या कलमातल्या 'व' या एका अक्षरावर माझा राग आहे.

बेल्जियममधल्या झेब्रुग बंदराचं प्रकरण तुला माहीत आहेच. ६ मार्च १९८७ ला 'हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही गाड्या-माणसं नेणारी ब्रिटिश फेरीबोट पुढची दारं उघडी ठेवूनच बंदरातून निघाली आणि बाहेर पडताच कलंडली. १९३ माणसं गेली. दार लावायचं काम असिस्टंट बोसनचं (खलाशांच्या मुकादमाच्या मदतनिसाचं), आणि तो केबिनमध्ये झोपलेला. फाईल तिथेच बंद करता आली असती. पण न्यायमूर्ती शीन चौकशी कंपनीच्या कचेरीपर्यंत घेऊन गेले. दारं उघडी की बंद, हे ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, कळावं म्हणून एक दिवा बसवा, असं त्याच कंपनीच्या कप्तानांनी आधी लेखी मागितलं होतं आणि कचेरीत त्याची टर उडवली गेली होती. एक दिवा, सुधीर! अर्थात शीन यांनी कप्तान आणि चीफ ऑफिसर यांची सर्टिफिकेटंही निलंबित केली, म्हणजे दोन्ही कामं एकाच टेबलावर झाली. निभावलं, कारण टेबलामागचा माणूस खमक्या होता. दर वेळी तसा मिळेल या भरवशावर तुम्ही कायदा लिहू नका.

ब्रिटननेही तो भरवसा ठेवला नाही. १९८९ मध्ये सागरी अपघातांच्या तपासासाठी वेगळी शाखा काढली. तिचा अहवाल दोष ठरवायच्या खटल्यात एरवी पुरावा म्हणून चालत नाही आणि साक्षीदाराचा जबाब न्यायालयाच्या हुकमाशिवाय बाहेर जात नाही. जपानची गोष्ट तर थेट तुमच्याच कामाची. तिथेही कारण शोधणं आणि अधिकाऱ्यांना शिक्षा करणं एकाच यंत्रणेकडे होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांनी ते कापून वेगळं केलं: कारणं नव्या वाहतूक सुरक्षा मंडळाकडे, शिस्तीचा निवाडा वेगळ्या न्यायाधिकरणाकडे. तुमच्या समितीत कोणी 'हे व्यवहारात जमत नाही' म्हणालं, तर हे पुढे कर. शिक्षा नको असं मी म्हणतच नाही. दारू पिऊन जहाज हाकणाऱ्याला पोलिसांनी जरूर धरावं, पण आपला पुरावा त्यांनी आपणच गोळा करावा. तपासनिसाच्या वहीतून उचलू नये.

दुसरा मुद्दा, तपास करणाऱ्याचा साहेब कोण? मसुद्यात हा विभाग जहाजांना प्रमाणपत्र देणाऱ्या खात्यातच ठेवलाय. 'टायटॅनिक'वर जीव वाचवायच्या २० होड्या होत्या आणि त्या नियमापेक्षा जास्तच होत्या, कारण १० हजार टनांच्या पुढची सगळी जहाजं नियमाने एकाच मापात बसवली होती आणि हे होतं ४६ हजारांचं. तो नियम बोर्ड ऑफ ट्रेड या ब्रिटिश सरकारी खात्याचा, आणि १९१२ ची चौकशीही त्याच बोर्डाच्या सांगण्यावरून भरलेली. स्वतःचंच सर्व्हे सर्टिफिकेट चुकलं असं कोणता सर्व्हेअर आनंदाने लिहील? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची तपाससंहिता १ जानेवारी २०१० पासून बंधनकारक आहे. जहाज बुडालं, माणूस मेला किंवा पर्यावरणाची जबर हानी झाली, तर तपास टाळता येत नाही, आणि तो निःपक्ष हवा. तुमचा मसुदा या संहितेचं नाव घेतो आणि अहवाल प्रसिद्धीआधी मंत्र्यांच्या 'मान्यतेसाठी' पाठवतो. मान्यता हा शब्द खोडा. प्रत पाठवा, हरकत नाही.

मुदतींचं कलम वाचून तर हसू आलं. सात दिवसांत समिती नेमणार म्हणे! जुन्या व्हीडीआरमध्ये (जहाजाच्या प्रवासाची नोंद आणि ब्रिजवरचं बोलणं टिपणाऱ्या यंत्रात) बारा तासांचंच रेकॉर्डिंग राहायचं. गडबडीत सेव्हचं बटण दाबायचं राहिलं की ब्रिजवरचं बोलणं पुसलंच. 'एल फारो' हे अमेरिकन मालवाहू जहाज ऑक्टोबर २०१५ मध्ये ३३ जणांसह चक्रीवादळात बुडालं, तेव्हा अमेरिकेने जवळजवळ साडेचार किलोमीटर खोलीवरून त्याचा रेकॉर्डर पुढच्या ऑगस्टमध्ये वर काढला. त्यात २६ तासांचं बोलणं निघालं. वादळाची जुनी माहिती, काळजीत पडलेले मेट (कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी), सगळं त्यांच्याच आवाजात. तेवढी यंत्रणा सगळ्यांना परवडणार नाही, पण फोन आल्याबरोबर बॅग उचलून निघणारे दोन-तीन पगारी तपासनीस तरी हवेत. त्यात एक इंजिनरूममधला घ्या. नाहीतर सगळे डेकवाले जमतात आणि बिघाड कायम 'तांत्रिक कारण' म्हणून उरतो.

मासेमारीच्या लहान नौका मसुद्यात नाहीतच. माणसं तिथेच जास्त जातात, फक्त एका वेळी एक-दोन. निदान मृत्यू झाला तर प्राथमिक छाननी व्हावी, एवढी ओळ तरी घाल.

आणि एक. सोबत तीन पानं वेगळी जोडली आहेत. त्या रात्रीचा माझा जबाब, तेव्हा द्यायला हवा होता तसा. समितीपुढे ठेवावा असं मनात आहे. त्यात त्या खलाशाबद्दल खरं काय ते लिहिलंय, पण तक्त्याची हकीकतही आहे आणि तिथे तुझं नाव येतं. तुला नको असेल तर ते पान काढून ठेव. मी पुन्हा विचारणार नाही. ठेवायचं असेल तर तारीख एकदा तपासून पाहा. मला वाटतं मी एक दिवस चुकलोय.

तुझा,
मधुकर