तांब्याभर वापरलेलं पाणी

साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमची दुसऱ्या झोनला बदली झाली असं परवा मुकादमाकडून कळलं. निरोप द्यायचा राहिला, म्हणून हे पत्र असं सगळ्यांदेखत. नाव मुद्दाम घालत नाही. पूर्वभागातल्या आमच्या बोळातलं शेंबडं पोरही तुम्हाला ओळखेल.

२०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूर आलं, तेव्हा आमच्याकडंही पेढे वाटले होते. तळं, किल्ला, मंदिराचा परिसर नटायचा तेव्हा नटेल, आमचं मागणं एवढंच होतं की रस्ता घरापेक्षा खाली असावा. तीन वेळा रस्ता झाला आणि तिन्ही वेळा जुनं न खरवडता त्याच्याच डोक्यावर नवा थर. लहानपणी मी दोन पायऱ्या चढून घरात जायचो, नंतर एक उतरून जायला लागलो. पाऊस आला की पाणी थेट अम्माच्या सुपात. पान-तंबाखू भिजला की विड्या छाटात जातात, मजुरी कापली जाते. अर्ज घेऊन गेलो तर एका साहेबांनी ऐकवलं, "मग घर उचलून घ्या की." ठेकेदाराचा माणूस तर आमच्याच दारात उभा राहून फोटो काढून गेला. काम पूर्ण झाल्याचा!

मग चौथ्या वेळी तुम्ही आलात. उंबऱ्याला हळद लावलेली बघून पाय न टेकवता ओलांडलात आणि पाणी मागितलंत. अम्मानं माठातला तांब्या भरून आणला, तर म्हणालात, "प्यायचं नको ओ अम्मा, भांडी धुतलेलं असलं तर द्या." चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या घरात हे कुणी विचारतं का? ते पाणी तुम्ही दारात ओतलंत, उकिडवे बसलात आणि ते कुठं पळतंय ते बघत राहिलात. ते आत आलं. तुम्ही निळ्या पेन्सिलीनं चौकटीवर रेघ मारलीत आणि ठेकेदाराला म्हणालात, "ह्याच्या खाली वीतभर. आधी जुनं सगळं उखडायचं."

पुढं किती खेटे, किती भांडणं झाली ते तुम्हालाच माहीत. १९३० साली ह्याच गावच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला होता, ते आम्ही शाळेपासून ऐकत आलो. पण कुणाच्या दारात उकिडवं बसायलाही छाती लागते बघा. लोक त्याला साधेपणा म्हणतात. मला तरी तो साधा वाटत नाही.

ह्या पावसात पाणी गटारीकडं गेलं. अम्मा दारात बसून ते बघत होती, सूप मांडीवर, विड्या चालूच. दिवाळीला चौकट रंगवायला घेतली, तर रेघेवर ब्रश फिरवू देईना.

शेंगाचटणी कुटून ठेवली आहे. कडक भाकरी गार झाली तरी चालते, तेव्हा वेळ मिळेल तसं या.

तुमचा,
बोळातल्या शेवटच्या घरातला