सोमवारी घारापुरी, बुधवारी राणीची बाग: दोन्ही बंद!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी लागली की लातूर, जळगाव, कोल्हापूरकडून मुलाबाळांसह मुंबई बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. चार दिवसांचा मुक्काम, पाच-सहा माणसे, त्यात एखादी आजी. यातल्या बऱ्याच जणांची फसगत वारामुळे होते. घारापुरीची लेणी, बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, त्याच्या आतली कान्हेरी आणि वरळीचे नेहरू तारांगण सोमवारी बंद असतात. राणीची बाग आणि तिला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. त्यातही बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद! तारापोरवाला मत्स्यालय काही वर्षे बंदच आहे, तरी जुन्या याद्यांमध्ये ते अजून दिमाखात असते.

म्हणून सोमवार राणीच्या बागेला द्यावा आणि बुधवार घारापुरीला किंवा बोरिवलीला. दुपारी बारा ते चार ही उन्हाची वेळ छपराखाली काढावी. फोर्टमधले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहा ते सहा उघडे असते, सोमवारीही. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र मुलांना अर्धा दिवस सहज पुरते. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण धावू लागल्याने सीएसएमटी, हुतात्मा चौक, विज्ञान केंद्र, सिद्धिविनायक ही ठिकाणे वातानुकूलित डब्यातून जोडता येतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन लोकलच्या दारात लोंबकळण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

लोकलच्या गर्दीला दिशा असते, हे बाहेरच्या माणसाला कुणी सांगत नाही. सकाळी आठ ते अकरा ती चर्चगेट-सीएसएमटीकडे जाते, संध्याकाळी पाच ते नऊ उलट. दादरला उतरलेल्या कुटुंबाने कामाच्या दिवशी सकाळी बोरिवलीकडे निघावे, त्या बाजूला गर्दी पुष्कळ कमी असते. तिथून दुपारी चारच्या आत परत फिरावे. दक्षिण मुंबई शनिवार-रविवारी ठेवावी, मात्र रविवारी साधारण अकरा ते चार मेगाब्लॉक (रुळांच्या कामासाठी काही गाड्या बंद) असतो. त्याच्या वेळा शनिवारच्या वृत्तपत्रांत येतात, तेवढ्या पाहून ठेवाव्यात. इंडिकेटरवर ‘एफ’ म्हणजे जलद गाडी, ‘एस’ म्हणजे धीमी. हाजी अलीसाठी महालक्ष्मीला उतरायचे तर जलद गाडी तिथे थांबत नाही. राणीच्या बागेसाठी भायखळ्याला मध्य रेल्वेची जलद गाडी थांबते. गाडी स्टेशनात जेमतेम अर्धा मिनिट उभी असते. कोणी मागे राहिलेच तर ‘पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचे’ हे घरूनच ठरवून निघावे. उपनगरी रेल्वेचे एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, पाच ते बारा अर्धे.

रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे दक्षिणेकडे येत नाही. तिथून पुढे टॅक्सी, आणि टॅक्सीत चारच माणसे. सहा जणांना दोन टॅक्स्या कराव्या लागतात, त्यापेक्षा बेस्ट स्वस्त: किमान भाडे साध्या बसला 10 रुपये, वातानुकूलितला 12. स्टेशनच्या क्लोक रूममध्ये बॅग ठेवायची तर तिला कुलूप हवे. कुलपाविना सामान घेत नाहीत.

घारापुरीला पूर्ण दिवसच द्यावा. गेटवेहून बोट एक तास घेते, धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पण लेण्यांपर्यंत सुमारे 120 पायऱ्या चढाव्याच लागतात. सकाळी नऊच्या सुमाराची बोट धरली तर चढण उन्हाआधी होते. बोटीचे, ग्रामपंचायतीचे आणि पुरातत्त्व खात्याचे पैसे वेगवेगळे द्यावे लागतात. खाण्याची पिशवी हातात दिसली की माकडे ती ओढतात, म्हणून पाठीवरच्या बंद बॅगेत ठेवावी. डिसेंबर 2024 च्या बोट-अपघातानंतर लाइफ जॅकेटचा आग्रह धरला जातो. मुलाच्या मापाचे मागून घ्यावे, मोठे ढगळ जॅकेट पाण्यात वर सरकते.

हाजी अलीची वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. कोकणातला हिशेब इथेही लागू पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास भरती आणि दुपारी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला हाच हिशेब सव्वाअकराच्या घरात जातो आणि पाणीही मोठे असते, तेव्हा ऐन दुपारी तिकडे जाऊ नये. कॅलेंडरात तिथी असतेच.

‘मुंबई दर्शन’च्या एका दिवसाच्या बसबद्दल एवढेच, की त्यातली बरीच ठिकाणे खिडकीतूनच पाहावी लागतात. आजींना ते सोयीचे, मुलांना कंटाळवाणे.

हे सारे एका फलकावर मावते. राज्याचे पर्यटन खाते, महापालिका आणि रेल्वे यांनी मिळून सीएसएमटी, दादर, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस, लोकमान्य टिळक टर्मिनस आणि पनवेल येथे मराठी-हिंदीत रोज बदलणारा फलक लावावा: आज काय बंद, आजची भरती किती वाजता, ब्लॉक कुठे, घारापुरीची शेवटची परतीची बोट कधी. रेल्वेच्या इंडिकेटरवर जाहिराती दिवसभर फिरतात, त्यात हा मजकूर दर दहा मिनिटांनी दाखवता येईल. आणि बुधवारी राणीची बाग बंद असल्याची घोषणा भायखळा स्टेशनावर सकाळी आठपासून व्हावी, म्हणजे गाडीतून उतरलेल्यांना उन्हात बागेच्या दारापर्यंत चालत जावे लागणार नाही.

एक वाचक, परळ