औषध कुठलं, हे नंतर बघू

प्रिय सुधीर,

फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतास, "सगळ्यात चांगलं औषध कुठलं, तेवढं सांग." मी टाळलं, कारण त्याच्या आधीचे दोन प्रश्न सुटल्याशिवाय त्याला उत्तर नाही. शिवाय मी बोलत सुटलो की तू नुसता 'हं हं' करतोस, हे शाळेपासून बघतोय. म्हणून हे पत्र. वहिनींनाही वाचायला दे.

पहिला प्रश्न, रिपोर्टात लिहिलंय तोच आजार आहे ना? लिम्फोमा म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, त्याचे सत्तरहून अधिक प्रकार आहेत. आपला वाल्डेनस्ट्रॉम त्यातला विरळा, दहा लाख माणसांमागे वर्षाला साधारण तीन नवे पेशंट. रक्तात आयजीएम नावाचं प्रथिन वाढलं म्हणजे वाल्डेनस्ट्रॉमच, असं नसतं. मार्जिनल झोन लिम्फोमात ते वाढतं, क्वचित मायलोमा या रक्ताच्या दुसऱ्या कॅन्सरमध्येही, आणि औषधं सगळीकडे सारखी नाहीत. तेव्हा बोन मॅरोच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) लॅबकडून मागून घे आणि रक्ताच्या कॅन्सरचंच काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखव. मागताना संकोच करू नकोस, डॉक्टर लोक स्वतःच्या घरच्यांसाठी हेच करतात.

त्याच वेळी एमवायडी८८ ची तपासणी झाली आहे का ते बघ. हा जनुकातला बदल २०१२ मध्ये उजेडात आला आणि आपल्या आजारात नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांत तो सापडतो. सीएक्ससीआर४ नावाचा दुसरा बदल तीस-चाळीस टक्क्यांत असतो. याचा उपयोग नुसता निदान पक्कं करण्यापुरता नाही, औषध निवडायलाही होतो. एमवायडी८८ चा बदल नसेल तर इब्रुटिनिबसारखी गोळी फारशी लागू पडत नाही, आणि सीएक्ससीआर४ चा असेल तर गुण यायला वेळ लागतो. म्हणजे तुझ्या 'चांगलं औषध कुठलं'चं निम्मं उत्तर या तपासणीच्या कागदावर आहे.

दुसरा प्रश्न, आत्ता औषध हवंच का? नुसता आयजीएमचा आकडा वाढला म्हणून उपचार सुरू करत नाहीत. हिमोग्लोबिन दहाच्या खाली गेलं, प्लेटलेट लाखाच्या खाली आल्या, हातापायांच्या नसांना इजा होऊन बधिरपणा आला, गाठी मोठ्या झाल्या, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, असं काही या आजारामुळेच होत असेल तर करतात. नसेल तर ठरावीक काळाने तपासण्या, एवढंच. माझं बराच काळ तसंच चाललं होतं. "कॅन्सर म्हणायचं आणि औषध द्यायचं नाही, हा कसला डॉक्टर!" म्हणून आई चिडली होती. पण त्रास नसताना घाई करून आयुष्य वाढतं असा पुरावा नाही, औषधांचा त्रास मात्र लगेच सुरू होतो.

तुझ्या बाबतीत मला काळजी वाटते ती वेगळीच. नाकातून रक्त येतं आणि वाचताना अक्षरं पुसट दिसतात, हे तू जाता जाता सांगितलंस. आयजीएमचा रेणू आकाराने मोठा असतो, त्याचं प्रमाण फार वाढलं की रक्त दाट होतं, आणि त्याची पहिली लक्षणं हीच. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घे आणि तुझ्या हिमॅटॉलॉजिस्टना (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना) आजच कळव. रक्त खरंच दाट झालं असेल तर प्लाझ्माफेरेसिस करतात, म्हणजे प्लाझ्मा, रक्तातला पातळ भाग, बाजूला काढून दुसरं द्रव देतात. आयजीएम बहुतेक रक्तवाहिन्यांतच असल्यामुळे ते लगेच उतरतं. मात्र ते बनवणाऱ्या कॅन्सरच्या पेशी जागच्या जागी असतात, त्यामुळे पाठोपाठ औषध लागतंच. अशा वेळी रिटुक्सिमॅब या सलाइनमधून द्यायच्या औषधाची घाई नको, त्याने सुरुवातीला आयजीएम आणखी उसळू शकतं. डॉक्टरांना हे ठाऊक असणार, तरी तू विचार. रिटुक्सिमॅबच्या आधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली का, हेही विचार.

आता औषधं. मुख्य वाटा दोन. एक सलाइनमधून, बेंडामस्टिन आणि रिटुक्सिमॅब, चार आठवड्यांचं एक चक्र, अशी चार ते सहा. प्रतिकारशक्ती खाली जाते, पण कोर्स संपला की अनेकांना पुढे काही वर्षं औषधच लागत नाही. दुसरी वाट गोळ्यांची. इब्रुटिनिबला अमेरिकेत या आजारासाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली, झानुब्रुटिनिबला २०२१ मध्ये. त्या गुण देत असेपर्यंत रोज घ्यायच्या. मनाने बंद केल्या तर आयजीएम उलटून वाढू शकतं. रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून दात काढायचा असला तरी आधी सांगावं लागतं.

तुझ्या हृदयाचे ठोके मागे एकदा बिघडले होते ना? मग हे नीट वाच. या दोन गोळ्यांची समोरासमोर तुलना झालेली आहे. इब्रुटिनिबवर पंधरा टक्के लोकांना ठोक्यांचा त्रास झाला, झानुब्रुटिनिबवर दोन टक्के. आजार दाबण्यात मात्र झानुब्रुटिनिब सरस असल्याचं सिद्ध झालं नाही. ठोक्यांचा तो जुना किस्सा डॉक्टरांना सांगितलास का? तुझ्या स्वभावाप्रमाणे नसशीलच सांगितला. मी सलाइनची वाट घेतली, कारण मी गोळ्या विसरणारा माणूस. तू घड्याळावर चालतोस, तुला कदाचित दुसरी जमेल.

क्लिनिकल ट्रायलचं, म्हणजे पेशंटवर उपचारांची चाचणी घेतात त्याचं म्हणशील, तर ती शेवटची पायरी समजू नकोस. काही ट्रायलमध्ये आधी एकही औषध न घेतलेलेच पेशंट चालतात. पहिला डोस गेला की ते दार बंद. म्हणून चौकशी आधीच करायची.

दुसरं मत घेताना तुझ्या डॉक्टरांना सांगून घे. या आजाराचे बरेच पेशंट पाहिलेला माणूस लांब असेल तर सल्ला त्याचा आणि उपचार जवळच्या डॉक्टरांकडे, असं बऱ्याच जणांचं चालतं. माझंही तसंच आहे.

भेटीला वहिनींना बरोबर ने, त्या लिहून घेतील. रिपोर्टच्या एका पानाचा फोटो पाठवू नकोस, पूर्ण फाइल पाठव. आणि डोळ्यांची तपासणी झाली की फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
विनू