एक्स-वाय-झेड प्रकरणाची पुढची दोन वर्षे

महोदय,

अमेरिकेच्या ‘एक्स-वाय-झेड’ प्रकरणाची गोष्ट आपल्याकडे फ्रान्सने लाच मागितल्यावर अमेरिकी दूताने दिलेल्या ‘नाही, नाही, सहा पेन्ससुद्धा नाही’ या बाणेदार उत्तरापाशी संपते. महाविद्यालयात अमेरिकेचा इतिहास शिकवताना उत्तरपत्रिकांतही तेच दिसे. लाचेची रक्कम अचूक, पुढच्या दोन वर्षांचा मात्र पत्ता नाही. मला ती दोन वर्षेच अधिक मोलाची वाटतात.

अमेरिकेने १७९४ मध्ये ब्रिटनशी करार केल्याने फ्रान्स बिथरला आणि अमेरिकी व्यापारी जहाजे पकडू लागला. अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी १७९७ मध्ये पिंकनी, मार्शल आणि गेरी यांना पॅरिसला धाडले. वाटाघाटी सुरू करायच्या तर आधी ५० हजार पौंड आणि वर फ्रान्सला भलेमोठे कर्ज द्या, असे परराष्ट्रमंत्री तालेराँ यांच्या मध्यस्थांनी सुनावले. एप्रिल १७९८ मध्ये ॲडम्स यांनी मध्यस्थांच्या नावांऐवजी एक्स, वाय, झेड अशी अक्षरे घालून सगळा पत्रव्यवहार काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, ठेवला. तो उघड करा म्हणणाऱ्यांत फ्रान्सकडे झुकलेले विरोधकही होते!

देश संतापला. महिना संपायच्या आत स्वतंत्र नौदल खाते उभे राहिले, जुलैत अमेरिकेने फ्रान्सशी १७७८ मध्ये केलेले युतीचे करार एकतर्फी रद्द केले आणि समुद्रावर अघोषित युद्ध पेटले. त्याच भरात सरकारवरील टीकेला गुन्हा ठरवणारा कायदा आला. व्हर्माँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन त्याखाली तुरुंगात गेले. परक्याने केलेल्या अपमानाची शिक्षा घरच्या टीकाकाराला व्हावी, हे मला आजही सलते.

ॲडम्स तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होते. युद्ध पुकारले असते तर त्यांचा पक्ष खूश झाला असता. पण फेब्रुवारी १७९९ मध्ये त्यांनी मंत्र्यांना न विचारता फ्रान्सकडे पुन्हा दूत नेमला. पक्षात फूट पडली, पक्षाचे वजनदार नेते अलेक्झांडर हॅमिल्टन उघड विरोधात गेले. सप्टेंबर १८०० मध्ये तह झाला. लढाई थांबली आणि युरोपातल्या युद्धात ओढू शकणारी १७७८ ची जुनी युतीही फ्रान्सच्या संमतीने सुटली. त्याच वर्षीची निवडणूक ॲडम्स हरले. तरीही १८१५ मध्ये त्यांनी एका पत्रात लिहिले की, फ्रान्सशी शांततेची जबाबदारी आपण घेतली, एवढेच आपल्या थडग्यावर कोरले जावे.

हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विनंती, की लाचेच्या प्रश्नाबरोबर १८०० च्या तहावरही एक प्रश्न काढावा.

– एक निवृत्त इतिहास प्राध्यापिका, सातारा