कालनिर्णयाच्या चौकटीतले ८२

पिट्सबर्ग, १८ ऑक्टोबर २०१३

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

एकाच घरात राहतो आपण, तुम्ही वर आणि मी खाली बेसमेंटमध्ये. तरीही पत्र लिहितेय, आणि तेही चारचौघांत. तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही हात झटकून विषय बदलता. लिहिलेलं मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता, हे मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी पीएचडीच्या क्वालिफायरमध्ये, म्हणजे पात्रता परीक्षेत, नापास झाले. विभागात सांगितलं, जानेवारीत आणखी एक संधी आहे, पण मास्टर्सवर थांबायचा विचारही करून ठेव. सांगलीला घरी काही कळवलं नव्हतं. रात्र रात्र झोप लागायची नाही. अशाच एका रात्री काकूंनी जिन्यावरून हाक मारली, "वर ये गं, भात उरलाय." वर आले तर तुम्ही स्वयंपाकघरात रेडिओसमोर बेसबॉलची मॅच ऐकत, हातात पेन्सिल. काही विचारलं नाहीत. समोरची खुर्ची पायाने सरकवलीत, स्कोअर लिहायचा रेघा मारलेला कागद माझ्यापुढे ठेवलात आणि म्हणालात, "मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर एक, कॅचर दोन, फर्स्ट बेस तीन. शॉर्टस्टॉप सहा, त्याने बॉल अडवून फर्स्टला फेकला तर सहा-तीन लिहायचं. तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद, म्हणजे स्ट्राइकआउट, झाला की के."

त्या रात्रीपासून मी रोज वर यायला लागले.

आणि पायरेट्स, आपला पिट्सबर्गचा संघ, रोज हरत होते. ८ ऑगस्टला त्यांचे ६३ विजय आणि ४७ पराभव होते. सगळं शहर हिशोब मांडत होतं, की १६२ मॅचेसचा हंगाम, ८२ जिंकल्या की विजय पराभवांहून जास्त, आणि तेवढ्यासाठी आता फक्त १९ हव्यात. उरलेल्या ५२ मॅचेसपैकी १६ जिंकल्या, ३६ हरले. शेवट ७९–८३. सलग विसावं वर्ष. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक खेळांत इतकी वर्षं ओळीने तोट्यात राहिलेला दुसरा संघ नव्हता. मला दर रात्री कळेनासं व्हायचं, की हा माणूस हे ऐकतो तरी कशाला? मॅच संपली की तुम्ही उठायचात. भिंतीवरच्या कालनिर्णयात, जिथे सांगलीत माझी आई दुधाचा हिशोब लिहिते, तिथे पेन्सिलीने "ह" आणि स्कोअर लिहायचात. मग उद्याच्या चौकटीत मॅचची वेळ. "उद्या सात-पाच. येशील ना?" बस, एवढंच. काका, त्या महिन्यात "उद्या येशील ना" असं मला दुसरं कोणीही विचारलं नव्हतं.

तुमची गोष्ट तुम्ही सलग कधी सांगितली नाहीत, दोन इनिंगच्या मधे तुकड्या-तुकड्यांनी ऐकली. १९७२च्या सप्टेंबरात तुम्ही इथे आलात. कामावरचा एक जण ३० तारखेला तुम्हाला थ्री रिव्हर्स स्टेडियमवर घेऊन गेला आणि त्या दुपारी पायरेट्सच्या रोबेर्तो क्लेमेंतेचा तीन हजारावा हिट तुम्ही डोळ्यांनी पाहिलात. एक डबल, म्हणजे एकाच फटक्यात दुसरा बेस गाठणारा. तेव्हा तुम्हाला डबल म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. तीनच महिन्यांनी, ३१ डिसेंबरला, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. या एप्रिलमध्ये मला पायरेट्सच्या आताच्या मैदानावर, पीएनसी पार्कवर, नेलंत, क्लेमेंतेच्या नावाच्या पुलावरून चालत, आणि आत गेल्यावर आधी उजवीकडची भिंत दाखवलीत. एकवीस फूट उंच, कारण त्याचा नंबर २१. ते सांगताना तुमचा आवाज घरच्या माणसाबद्दल बोलताना असतो तसा होता.

१९८५ साली पायरेट्स १०४ मॅचेस हरले, त्याच वर्षी तुमची नोकरी गेली. तेव्हा कारखाने एकामागून एक बंद पडत होते. आठ महिने घरी होतात, काकू शिवणकाम करायच्या, आणि संध्याकाळी रेडिओ लागायचा. १९९२बद्दल तुम्ही एकदाच बोललात. प्लेऑफमधली अटलांटाविरुद्धची निर्णायक सातवी मॅच, अटलांटातच, शेवटच्या इनिंगला २–० पुढे, आणि ३–२ने गेली. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला सिड ब्रीम, आधी आपलाच खेळाडू, दुसऱ्या बेसवरून धावत घसरत होम प्लेटवर पोचला आणि त्यांची विजयी रन झाली. त्यानंतरची वीस वर्षं मी वर लिहिलीच आहेत.

मी जानेवारीत पास झाले. तेव्हा बेसबॉल बंद होतं, अंगणात गुडघाभर बर्फ होता. तुम्ही पेढे आणलेत आणि म्हणालात, आता एप्रिल.

या वर्षी तर काय सांगू! ऑगस्टच्या शेवटी मार्लन बर्ड, जॉन बक, जस्टिन मॉर्नो हे खेळाडू संघात आले. तुम्ही म्हणालात, मालकांनी या वेळी हात सैल सोडला. पण गेल्या ऑगस्टची धास्ती तुमच्या चेहऱ्यावरून जात नव्हती. ३ सप्टेंबरला मिलवॉकीत ८१वा विजय आला. आता विजयांपेक्षा पराभव जास्त होणं शक्यच नव्हतं, पण ८१–८१ म्हणजे तुमच्या लेखी काहीच नाही. आणि नेमके तिथून ओळीने चार पराभव, त्यातले तीन सेंट लुईसला. चार चौकटी, चार "ह". तुम्ही जेवताना बोलेनासे झालात.

मग ९ तारखेचा सोमवार. गणेश चतुर्थी. आरती झाली, पाहुणे गेले, काकू आणि मी मोदकपात्र घासत होतो आणि तुम्ही रेडिओला कान लावून. टेक्सासमध्ये त्यांचा पिचर यू दार्विश आणि त्याच्यासमोर आपला पिचर गेरिट कोल, आदल्याच दिवशी तेवीस पूर्ण झालेला. सातव्या इनिंगपर्यंत शून्य-शून्य. बर्ड दुसऱ्या बेसवर, पेद्रो अल्वारेझचा डबल, आणि एक रन. तेवढा एकच. मार्क मेलान्सनने शेवट सांभाळला. १–०.

तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही उठलात. कालनिर्णयातल्या चौकटीत लाल अक्षरांखाली जेमतेम जागा होती. तिथे लिहिलंत, "जि १-०". मग पेन्सिल उचलून पुन्हा टेकवलीत आणि खाली "८२". आकडा नेहमीपेक्षा लहान आणि वाकडा आला, हात थरथरत होता. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसलात. काकूंनी न बोलता तुमच्या ताटलीत एक मोदक ठेवला. त्या मॅचचा स्कोअरचा कागद मी जपून ठेवलाय, काका. त्यातला शेवटचा आउटही मीच लिहिलाय.

पुढे ९४ विजय झाले, २१ वर्षांनी प्लेऑफ, काळ्या कपड्यांतलं ते सगळं स्टेडियम, सिनसिनाटीचा पिचर क्वेटोच्या हातून सुटलेला बॉल आणि लगेच आपल्या रसेल मार्टिनचा होमरन. गेल्या आठवड्यात सेंट लुईसला पुढच्या फेरीतली निर्णायक पाचवी मॅच हरलो आणि संपलं. त्या रात्रीही तुम्ही "ह ६-१" लिहिलंत. पुढच्या दिवसाची चौकट पहिल्यांदाच रिकामी राहिली.

त्या सगळ्या रात्रींबद्दल, त्या खुर्चीबद्दल, आणि काही न विचारल्याबद्दल मी तुमची फार फार ऋणी आहे. काकूंच्या भातासाठीही. तो कधीच उरलेला नसायचा, हे मला उशिरा कळलं.

तुमच्या ताई गेल्यापासून कालनिर्णय कोण पाठवणार, असं तुम्ही परवा काकूंना म्हणत होतात. मी आईला सांगितलंय. २०१४चं बाजारात आलं की ती दोन पाठवेल, एक तुमच्या स्वयंपाकघरासाठी, एक माझ्या खोलीत. एप्रिलच्या चौकटींत मॅचच्या वेळा तुम्ही लिहा. मी येतेच वर.

आपली,
खालची मुलगी