लाट नव्हे, सत्तर वर्षांचा पक्ष

संपादक महोदय,

युरोपात अतिउजवे जिंकले की 'लाट आली' आणि हरले की 'लाट ओसरली', असे लिहायची सवय आपल्या वृत्तपत्रांनाही जडली आहे. ऑस्ट्रियाकडे पाहिले की हा शब्द किती फसवा आहे ते कळते, म्हणून हे पत्र.

तिथली अतिउजवी फ्रीडम पार्टी १९५६ची. पहिला अध्यक्ष माजी नाझी अधिकारी. १९९९ मध्ये तिचे तेव्हाचे नेते यॉर्ग हायडर यांनी तिला २७ टक्क्यांच्या आसपास नेले. पक्ष सत्तेत येताच युरोपीय संघातील उरलेल्या १४ देशांनी ऑस्ट्रियाशी राजनैतिक संबंध आखडते घेतले आणि काही महिन्यांत ते पाऊल मागेही घेतले. पुढे मते १० टक्क्यांवर आली, २००५ मध्ये हायडरनीच वेगळी चूल मांडली. पक्ष आता संपला, असे वाटावे अशीच ती स्थिती होती. तरी २०१७ मध्ये तो पुन्हा सरकारात होता. २०१९ मध्ये स्पेनच्या इबिझा बेटावर चोरून टिपलेली चित्रफीत बाहेर आली. पक्षप्रमुख श्ट्राखे त्यात रशियन धनाढ्याची पुतणी म्हणवणाऱ्या बाईला सरकारी कंत्राटे देऊ करत होते. त्यानंतरच्या निवडणुकीत मते १६ टक्क्यांवर घसरली. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये? जवळपास २९ टक्के, संसदीय निवडणुकीत प्रथमच पहिला क्रमांक.

मधल्या काळात हा मतदार गेला कुठे होता? बराचसा सेबास्टियन कुर्त्स यांच्या पुराणमतवादी पीपल्स पार्टीत. कुर्त्सनी निर्वासितांविरुद्धची भाषा उचलली होती, त्यामुळे त्याला तिथे परके वाटले नाही. भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे २०२१ मध्ये कुर्त्सना चॅन्सेलरपद (सरकारप्रमुखपद) सोडावे लागले, तसा तो मूळ घरी परतला. त्यातच सरकारने प्रौढांना लससक्ती करणारा कायदा केला आणि अंमल न करताच काही महिन्यांत गुंडाळला. मी स्वतः लसीच्या बाजूचा आहे, पण फ्रीडम पार्टीचे आताचे प्रमुख हर्बर्ट किकल यांच्या हाती याहून मोठे कोलीत दुसरे कोणते देता आले असते?

मला तर मूळ त्याहून जुने वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर पीपल्स पार्टी ('काळा' रंग) आणि सोशल डेमोक्रॅट ('लाल' रंग) या दोन मोठ्या पक्षांनी सरकारी पदे, नोकऱ्या, संस्था आपसात वाटून घेतल्या. शाळेचा मुख्याध्यापकही 'काळा' की 'लाल' हे पाहून नेमला जाई. या वाटणीवर चिडलेल्या माणसाला मुख्यतः एकच दार उघडे राहिले. मार्च २०२५ मध्ये तेच दोन पक्ष, तिसऱ्याला सोबत घेऊन, किकलना बाहेर ठेवून सत्तेवर आले. किकल सत्तेत नकोत, हे मलाही मनापासून वाटते. पण संसदेतला सर्वांत मोठा पक्ष आज विरोधी बाकांवर आहे, आणि महागाईपासून निर्वासितांपर्यंतची प्रत्येक तक्रार आता त्याच्याच दारी जाते आहे.

– एक वाचक, सांगली